आवाज कमी, दम कायम: छोट्या ऑफ-रोड गाडीचा सायलेन्सर कसा निवडावा?

इंदूरजवळच्या पीथमपूरला २००७ साली ‘बाहा एसएई इंडिया’ ही स्पर्धा सुरू झाली. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७६ साली सुरू झालेल्या स्पर्धेची ही भारतीय आवृत्ती. अभियांत्रिकीचे विद्यार्थी खाचखळगे, चिखल आणि चढ पार करणारी एका माणसाची गाडी स्वतः बांधून आणतात. त्यात महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे संघही मोठ्या संख्येने असतात. वर्षानुवर्षे या गाड्यांना ‘ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन’चे ३०५ सीसी, १० अश्वशक्तीचे एक-सिलिंडर इंजिन बसवले गेले. सगळ्या संघांना इंजिन सारखेच मिळते आणि त्यात बदल करायला मनाई असते.

अशी दहा अश्वशक्तीची गाडी जवळून गेली, की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. उलट ऐंशी अश्वशक्तीची मोटार सिग्नलला उभी असते, तेव्हा तिचे इंजिन चालू आहे की बंद, हेही पटकन कळत नाही. आठपट ताकदीचे इंजिन गप्प आणि चिमुकले इंजिन कर्कश, असे का?

स्पर्धेबाहेर स्वतःची बग्गी बांधणाऱ्याला किंवा जुन्या एटीव्हीचा गंजलेला सायलेन्सर बदलणाऱ्याला हा प्रश्न खिशातून सोडवावा लागतो. गॅरेजमध्ये सल्ले पुष्कळ मिळतात. कुणी म्हणतो, बाइकचा सायलेन्सर लाव. कुणी म्हणतो, नुसता पाइप ठेव, पिकअप वाढेल. कुणी बजावतो की बॅक प्रेशर गेले तर इंजिनाचा दम जाईल. यातले काय खरे, हे ठरवायचे तर आवाज तयार कसा होतो, तिथपासून सुरुवात करावी लागते.

आवाज येतो कुठून?

सिलिंडरमध्ये पेट्रोल जळते, पिस्टन खाली ढकलला जातो आणि तो तळाला पोहोचण्याआधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडू लागतो. त्या क्षणी आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या काही पट असतो. व्हॉल्व्हची फट उघडताच हा तापलेला वायू एका झटक्यात पाइपमध्ये घुसतो आणि दाबाची एक तीव्र लाट पुढे धावते. आपल्याला ऐकू येतो तो प्रत्येक ‘फट्’ म्हणजे हीच लाट.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. पाइपमधून वायू वाहतो आणि त्याच पाइपमधून दाबाची लाटही जाते, पण दोघांचा वेग सारखा नसतो. साधारण ४०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वायूत ध्वनीची लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने जाते. ३०५ सीसीच्या इंजिनातून ३२ मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये आलेला वायू मात्र मिनिटाला ३६०० फेऱ्यांवरही सरासरी सेकंदाला २० मीटरच्या आसपासच सरकतो. लाट अडवायची आणि वायूला मोकळी वाट द्यायची, हे सायलेन्सरचे काम. दोघांच्या वेगात आणि स्वभावात इतका फरक आहे, म्हणूनच ते शक्य होते.

आता या झटक्यांची गती पाहू. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. ३६०० फेऱ्या मिनिटाला म्हणजे ६० फेऱ्या सेकंदाला, आणि एका सिलिंडरमध्ये ३० झटके सेकंदाला. म्हणजे मूळ आवाज ३० हर्ट्झचा. त्याच्यासोबत ६०, ९०, १२० अशा पटींतले वरचे सूरही निघतात, आणि व्हॉल्व्हच्या फटीतून सुटणाऱ्या वायूची सरसर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पोहोचते.

चार सिलिंडरच्या मोटारीत हेच झटके चौपट दाट आणि प्रत्येकी लहान असतात. शिवाय तिच्या पोटाखाली दोन-तीन मोठे डबे आणि लांब पाइप मावतात. एक-सिलिंडर इंजिनाचे झटके विरळ, एकेक दणकेबाज, आणि त्यांना शांत करायला मिळतो तो बहुधा हातभर लांबीचाही नसलेला पत्र्याचा डबा. कोड्याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

डबा मोठा की भोक बारीक?

रांजणात कुणी वरून बादलीमागून बादली ओतत आहे आणि तळाच्या तोटीतून पाणी बाहेर पडत आहे, अशी कल्पना करावी. ओतणे धबाधबा, थांबून थांबून. पण रांजण मोठा असेल तर तोटीची धार जवळपास एकसारखी राहते. रांजणाऐवजी तांब्या ठेवला तर प्रत्येक बादलीसरशी धार उसळेल. तांब्या ठेवूनही धार शांत हवी असेल तर एकच उपाय उरतो, तोटी आवळायची. मग पाणी तुंबते आणि वरून ओतणाऱ्याला जोर लावावा लागतो.

सायलेन्सरचेही तसेच आहे. शांतता दोन मार्गांनी विकत घेता येते: डब्याच्या आकारमानाने किंवा वाट आवळून. पहिल्या मार्गाची किंमत जागा आणि वजन, दुसऱ्याची किंमत इंजिनाची ताकद. बाजारात मिळणारे बोटभर जाडीचे ‘डीबी किलर’ म्हणजे पाइपच्या तोंडात बसवायची बारीक नळी. आवाज तिने उतरतो, पण तो दुसऱ्या मार्गाने.

भारतात या विषयाचा सखोल अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाला. तिथले प्रा. एम. एल. मुंजाल यांचा ‘अकूस्टिक्स ऑफ डक्ट्स अँड मफलर्स’ हा ग्रंथ १९८७ साली आला आणि जगभरचे सायलेन्सर बनवणारे अभियंते तो वापरतात. डब्याच्या आकारमानासाठी या क्षेत्रात एक ढोबळ नियम रूढ आहे. सिलिंडरच्या क्षमतेच्या निदान दहापट आकारमान डब्याला द्यावे. म्हणजे ३०५ सीसीसाठी कमीत कमी तीन लिटरचा डबा. जनरेटर किंवा फवारणी पंपाच्या छोट्या इंजिनावर कंपनीकडून येणारे चपटे डबे बहुतेकदा याहून बरेच लहान असतात. त्यांच्या आत पत्र्याच्या पडद्यांनी आणि बारीक भोकांनी वाट वळवलेली असते.

तीन लिटरच्या डब्याचे गणित

साडेबारा सेंटिमीटर व्यासाचा आणि २५ सेंटिमीटर लांबीचा गोल डबा घेतला, तर त्यात तीन लिटर वायू मावतो. त्याला एका टोकाने ३२ मिलिमीटरचा पाइप येतो आणि दुसऱ्या टोकाने तसाच पाइप बाहेर पडतो. आत काहीही नाही. असा रिकामा डबा आवाज कसा अडवतो?

अरुंद पाइपमधून आलेल्या लाटेला डब्यात शिरताच अचानक पंधरापट मोठे क्षेत्र मिळते. या उंबरठ्यावर लाटेचा मोठा भाग मागे फिरतो. उरलेला भाग डब्याच्या दुसऱ्या टोकाला धडकतो आणि पुन्हा काही अंशाने परततो. डब्याची लांबी लाटेच्या लांबीच्या बरोबर पाव असेल, तर या परतलेल्या लाटा बाहेर जाणाऱ्या लाटेला सर्वाधिक क्षीण करतात. २५ सेंटिमीटरच्या डब्यासाठी हे घडते ५०० हर्ट्झला, आणि तिथे आवाज जवळपास १८ डेसिबलने उतरतो. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराने चालते. १० डेसिबल उतरले की ध्वनीची ऊर्जा दहाव्या हिश्शावर येते, २० उतरले की शंभराव्या. तेव्हा १८ डेसिबल म्हणजे साठातला एकच भाग बाहेर पडला. एका रिकाम्या डब्याच्या मानाने ही कामगिरी मोठी आहे.

पण याच डब्याला एक आंधळी जागा आहे. लाटेची लांबी डब्याच्या बरोबर दुप्पट झाली, की परतलेल्या लाटा एकमेकींना पूरक होतात आणि डबा असून नसल्यासारखा ठरतो. आपल्या उदाहरणात ही जागा येते नेमकी १००० हर्ट्झला, आणि पुढे त्याच्या प्रत्येक पटीला. माणसाचा कान याच पट्ट्यात तीक्ष्ण असतो. म्हणून वेल्डिंग करून घरी बनवलेला साधा डबा पुष्कळदा टणत्कारासारखा आवाज करतो.

यावरचा उपाय सोपा आणि स्वस्त आहे. आत येणारा पाइप तोंडाशी न थांबवता डब्याच्या निम्म्या लांबीपर्यंत आत न्यायचा, आणि बाहेर पडणारा पाइप पाव लांबीपर्यंत आत घ्यायचा. पाइपभोवतीची बंद पोकळी आता स्वतःच एका ठराविक सुराला गिळते. निम्म्या लांबीची पोकळी १००० आणि ३००० हर्ट्झची आंधळी जागा बुजवते, तर पाव लांबीची २००० ची. पहिल्या चारांपैकी तीन आंधळ्या जागा बुजल्या, आणि वायूच्या वाटेत एकही पडदा आला नाही. दोन डबे जोडायचे असतील तर त्यांच्या लांब्या वेगळ्या ठेवतात, त्याचेही कारण हेच. एकाची आंधळी जागा दुसरा झाकतो.

मग ३० हर्ट्झच्या मूळ धडधडीचे काय? तिच्या लाटेची लांबी सोळा-सतरा मीटर. २५ सेंटिमीटरचा डबा तिला जेमतेम दोन डेसिबल कमी करू शकतो. सुदैवाने इथे कान मदतीला येतो. आवाज मोजण्याच्या उपकरणात कानाच्या संवेदनेनुसार एक सुधारणा केलेली असते, तिला ‘ए’ भार म्हणतात. त्या हिशेबात ३१.५ हर्ट्झचा आवाज १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे ३९ डेसिबलने कमी मोजला जातो. कर्कशपणा येतो तो वरच्या सुरांमुळे, आणि वरच्या सुरांना छोटा डबाही अडवू शकतो.

जाळीची नळी आणि काचलोकर

बाजारातले सायलेन्सर मुख्यतः दोन जातींचे असतात. वर सांगितलेला पहिला प्रकार लाट परतवतो. दुसरा लाट शोषतो. त्यात सरळ नळीला सर्वत्र भोके पाडलेली असतात आणि नळी व बाहेरचे कवच यांच्या मधल्या जागेत काचलोकर, बेसॉल्ट दगडाचे तंतू किंवा पोलादी लोकर ठासलेली असते. वायू नळीतून सरळ निघून जातो. लाट भोकांतून तंतूंत शिरते, तिथे घर्षणाने तिची ऊर्जा उष्णतेत बदलते. मोटोक्रॉसच्या बाइकवरचे लांबट, चकचकीत सायलेन्सर याच जातीचे.

शोषणारा सायलेन्सर साधारण ५०० हर्ट्झच्या वरच्या आवाजावर उत्तम चालतो आणि वायूला फारसा अडवत नाही. खालच्या धडधडीवर त्याचा प्रभाव थोडा. त्याची खरी उणीव टिकाऊपणात आहे. तेलकट काजळी आणि पाणी तंतूंत मुरते, ते घट्ट होतात, हळूहळू भोकांतून उडूनही जातात. मग आवाज वाढतो आणि डबा उघडून भरण बदलावे लागते. म्हणून घेताना कवच रिव्हेट किंवा बोल्टने बंद केलेले आहे की वेल्ड करून, हे पाहावे. वेल्ड केलेला डबा पुन्हा भरता येत नाही.

तिसरीही एक युक्ती आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली की एकच ठराविक सूर निघतो. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ्यांचा अभ्यास केला. पाइपला बाजूने अशी पोकळी जोडली, की ती तिच्या सुराचा आवाज पाइपमधून काढून घेते. ज्या इंजिनाचा वेग सतत बदलतो त्याला हिचा उपयोग मर्यादित. गव्हर्नरमुळे एका वेगाला बांधलेल्या इंजिनाला मात्र ती लाभते.

छोट्या ऑफ-रोड गाडीसाठी व्यवहारात दोन्ही जातींची जोडी चांगली: आधी पुरेसा मोठा रिकामा डबा, मग छोटा शोषणारा.

बॅक प्रेशरबद्दलचा गैरसमज

‘इंजिनाला थोडे बॅक प्रेशर लागतेच’ हे वाक्य गॅरेजमध्ये वारंवार ऐकू येते. बॅक प्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला सायलेन्सरमध्ये होणारा विरोध. फोर-स्ट्रोक इंजिनात तो वायू बाहेर ढकलण्याचे काम पिस्टनला करावे लागते आणि ते काम चाकापर्यंत पोहोचायच्या ताकदीतून वजा होते. शिवाय जळका वायू सिलिंडरमध्ये मागे उरला, की ताज्या मिश्रणाला तेवढी जागा कमी मिळते.

हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ३२ ऐवजी १६ मिलिमीटरचे तोंड ठेवले तर क्षेत्र चौथा हिस्सा होते, वायूचा सरासरी वेग सेकंदाला २० वरून ८० मीटरवर जातो आणि विरोध सोळापट होतो. व्यास निवडताना दोन-चार मिलिमीटरचा फरक का महत्त्वाचा, ते यावरून कळते.

मग नुसता पाइप लावल्यावर काहींना इंजिन मंदावल्याचा अनुभव का येतो? त्याची खरी कारणे दोन. एक आहे लाटेचे. पाइपच्या उघड्या टोकावर दाबाची लाट उलटते आणि ओढ लावणारी लाट बनून परत येते. ती योग्य क्षणी व्हॉल्व्हपाशी पोहोचली तर उरलेला वायू खेचून नेते, चुकीच्या क्षणी आली तर काही साधत नाही. पाइपची लांबी बदलली की हा मेळ बदलतो. रेसिंग बाइकवर याचा फायदा घेतात, कारण तिथे मिनिटाला दहा हजार फेऱ्यांना जुळणारी लांबी मीटरभरच असते. ३६०० फेऱ्यांच्या इंजिनाला तेच साधायचे तर पाइप अडीच मीटरच्या घरात जातो. बग्गीवर तेवढी जागा नसते, म्हणून अशा इंजिनावर ‘ट्यून’ केलेल्या पाइपच्या नावाने जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

दुसरे कारण कार्ब्युरेटरचे. कंपनीने मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, मूळ सायलेन्सर धरून निवडलेला असतो. वाट मोकळी झाली की हवा जास्त ओढली जाते, आणि मिश्रण पातळ होऊ शकते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. मग इंजिन तापते, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर ताण येतो आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर पाइपमध्ये फटाके वाजतात. उपाय विरोध वाढवणे हा नसून जेट बदलणे हा आहे. छोट्या इंजिनांच्या अनेक कार्ब्युरेटरांत जेट ठराविक मापाचा असतो, स्क्रू फिरवून भागत नाही. म्हणून सायलेन्सर मूळ विरोधाच्या जवळपासचा निवडावा, नाहीतर मोठ्या जेटची सोय आधी पाहावी.

बाइकचा सायलेन्सर चालेल का?

हा सर्वांत व्यवहारी प्रश्न, कारण बाइकचे जुने सायलेन्सर भंगारात सहज मिळतात. इथे नुसते सीसी पाहून फसगत होते. १५० सीसीची बाइक ८००० फेऱ्यांवर सेकंदाला दहा लिटर ओढण्याच्या मापाची असते. ३०५ सीसीचे इंजिन ३६०० फेऱ्यांवर नऊ लिटरच्या मापाचे. म्हणजे वायूच्या वाहण्यापुरते पाहिले तर १५० सीसीचा सायलेन्सर जवळजवळ बरोबर मापाचा आहे.

तरीही आवाज अपेक्षेपेक्षा मोठा येईल. बाइकचे झटके सेकंदाला ६६, आपल्या इंजिनाचे ३०. प्रत्येक झटका दुप्पट मोठा, आणि डबा मात्र १५० सीसीच्या हिशेबाने घडवलेला. व्यास फेऱ्या गुणिले सीसीवर ठरतो, आकारमान एकट्या सीसीवर ठरते. ३५० सीसीच्या एक-सिलिंडर बाइकचा कंपनीचा मूळ सायलेन्सर दोन्ही अटी अधिक चांगल्या पुऱ्या करतो.

अलीकडच्या बाइकच्या पाइपमध्ये उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तेवढे पाहावे. साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनातून न जळलेले पेट्रोल त्यात गेले, तर तो अतिशय तापतो. वाळक्या गवतातून जाणाऱ्या गाडीला हे धोक्याचे आहे.

टू-स्ट्रोकचा पाइप वेगळाच

वरचे सगळे फोर-स्ट्रोकसाठी. टू-स्ट्रोक इंजिनात पाइप हा इंजिनाचाच भाग असतो. ताजे मिश्रण आत येत असताना एक्झॉस्टचे दार उघडेच असते, त्यामुळे थोडे मिश्रण निसटते. पोटाशी फुगलेला आणि शेवटी निमुळता होणारा पाइप आधी ओढीची लाट परत पाठवतो, मग दाबाची, आणि निसटलेले मिश्रण ती दाबाची लाट परत सिलिंडरमध्ये लोटते.

हे तंत्र पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात टोकाला नेले. त्यांचा स्वार आणि अभियंता अर्न्स्ट डेग्नर १९६१ साली स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद जिंकले. त्या विजयात डेग्नरने नेलेल्या ज्ञानाचा मोठा वाटा होता. टू-स्ट्रोक एटीव्हीचा फुगीर पाइप कापून दुसरा डबा लावणे म्हणजे इंजिनाचा एक अवयव काढणे. शांतता हवी असेल तर पाइप तसाच ठेवून त्याच्या शेपटीला जोडलेला छोटा सायलेन्सर बदलावा.

ठिणगी, पाणी आणि हादरे

ऑफ-रोड गाडीला रस्त्यावरच्या गाडीपेक्षा तीन वैरी जास्त. पहिला, ठिणगी. काजळीचे तापलेले कण पाइपमधून उडाले तर उन्हाळ्यात डोंगरउतारावरचे गवत पेटू शकते. अमेरिकेच्या वनविभागाने आपल्या जंगलांत जाणाऱ्या अशा गाड्यांना ठिणगीरोधक, म्हणजे स्पार्क अरेस्टर, सक्तीचा केला आहे. जाळीच्या प्रकारात भोक सुमारे ०.५८ मिलिमीटरचे असते. सह्याद्रीत किंवा विदर्भात फेब्रुवारीपासून वणव्यांचा काळ सुरू होतो. इथल्या गाडीलाही ही जाळी हवीच. फक्त ती काजळीने बुजते, म्हणून काढून साफ करता येईल अशीच घ्यावी.

दुसरा वैरी पाणी, आणि ते आतून येते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. इंजिन थोडाच वेळ चालवून बंद केले तर ही वाफ थंड डब्यात साचते आणि पत्रा आतून गंजतो. डब्याच्या सर्वांत खालच्या जागी दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडले तर पाणी निघून जाते. स्टेनलेस स्टील घेणे परवडत असेल तर उत्तम. पाइपचे तोंड ओढ्याच्या पाण्यात आणि चिखलात बुडणार नाही इतके उंच असावे, आणि चालकाच्या श्वासापासून दूर वळवलेले असावे, कारण धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

तिसरा वैरी हादरे. एक-सिलिंडर इंजिन चेसिसपेक्षा वेगळे थरथरते. पाइपचे एक टोक इंजिनाला आणि डबा चेसिसला पक्का बांधला, तर मधला वेल्ड तुटणार. डबा इंजिनालाच आधार देऊन बांधावा, नाहीतर मध्ये लवचिक पाइप टाकावा. पत्राही फार पातळ नसावा. पातळ कवच ढोलासारखे घुमते, आणि आतून अडवलेला आवाज बाहेरून निघतो.

कायदा आणि कान

सार्वजनिक रस्त्यावरच्या वाहनाचा आवाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे नेणे भारतात गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तीन महिन्यांसाठी परवानाही जातो. बुलेटला फटाक्यांचे आवाज काढणारे सायलेन्सर लावणाऱ्यांवर राज्यातल्या शहरांत पोलीस याच तरतुदीने कारवाई करतात आणि जप्त सायलेन्सरवर रोड रोलर फिरवतात.

खासगी जमिनीवर चालणाऱ्या बग्गीसाठी कॅलिफोर्नियाची मर्यादा मापदंड म्हणून घेता येईल. तिथे १९८६ पासून बनलेल्या ऑफ-रोड गाडीचा आवाज पाइपच्या तोंडापासून सुमारे अर्ध्या मीटरवर ९६ डेसिबलच्या आत असावा लागतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे अर्ध्या मीटरवरचे ९६ आठ मीटरवर ७२ होतात.

चालक मात्र आठ मीटरवर नसतो. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात, आणि पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला एकच तास उरतो. बाहा स्पर्धेतली टिकाव-शर्यत चार तासांची असते. कानात प्लग घालणे म्हणूनच गरजेचे.

चौकट: निवडीची सहा पावले

१. इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, सीसी किती आणि कमाल फेऱ्या किती, हे लिहून काढावे.
२. डब्याचे आकारमान सीसीच्या निदान दहापट असावे. जागा असेल तर आणखी मोठा घ्यावा.
३. पाइपचा व्यास इंजिनाच्या एक्झॉस्ट तोंडाएवढा ठेवावा. वाटेत कुठेही तो आवळू नये.
४. आधी रिकामा डबा, मग शोषणारा. शोषणारा उघडून भरता येणारा असावा.
५. साफ करता येणारी ठिणगीरोधक जाळी, उष्णतारोधक पत्रा आणि पाणी निघायचे भोक असावे.
६. जेट बदलावा लागेल का, हे विकत घेण्याआधी ठरवावे.

बसवल्यानंतर

नवा सायलेन्सर लावण्याआधी आणि लावल्यावर एकाच जागी, एकाच फेऱ्यांवर, तितक्याच अंतरावरून आवाज मोजावा. मोबाइलचे ॲप अचूक आकडा देत नाही, पण दोन मोजण्यांतला फरक पुरेसा सांगते. फरक अपेक्षेपेक्षा कमी आला तर लगेच दुसरा डबा घेऊ नये. एक्झॉस्टचा आवाज ९० आणि एअर फिल्टर, पंखा, साखळी यांचा मिळून ८५ डेसिबल असेल, तर एक्झॉस्ट ७५ वर आणूनही एकूण आवाज ८५ च्या खाली जात नाही. अशा वेळी पैसे एअर फिल्टरच्या बंद पेटीवर खर्च करणे शहाणपणाचे.

अर्धा तास पूर्ण ताकदीने चालवून मग स्पार्क प्लग काढून पाहावा. तपकिरी रंग म्हणजे मिश्रण ठीक, पांढरटपणा म्हणजे ते पातळ आणि जेट मोठा हवा, ओलसर काळेपणा म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिन गार झाल्यावर फ्लँजचे नटबोल्ट पुन्हा आवळावेत आणि गॅस्केटभोवती काजळीची रेघ दिसते का पाहावे. रेघ दिसली तर तिथून वायू गळतो आहे.

नेहमीचा चढ एकाच गिअरमध्ये किती सेकंदांत चढतो, ते पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवावे. काही महिन्यांनी तोच चढ जास्त वेळ घेऊ लागला, तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी ठिणगीरोधक जाळी काढून पाहावी. ती बुजलेली निघण्याची शक्यता मोठी असते, आणि तारेच्या ब्रशने साफ करायला दहा मिनिटे लागतात.